मासिमो विन्येल्ली : एक पद्धत, अनेक माध्यमे

प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर दरवर्षी कोणीतरी एक प्रश्न विचारतेच. "मला थ्रीडी मॉडेलिंग आवडतं, महोत्सवाची पोस्टरंही मीच करतो, थोडं प्रोग्रॅमिंगही जमतं. एकात पक्कं व्हावं की सगळं थोडं थोडं करावं?" प्रश्न खरा आहे. नोकरीच्या मुलाखतीत "तुमचा विषय कोणता?" असे विचारतात, तेव्हा "सगळेच" हे उत्तर चालत नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपण एका कारकिर्दीच्या अभ्यासातून शोधू. मासिमो विन्येल्ली (१९३१–२०१४) हे मिलानमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थिरावलेले डिझायनर. शिक्षण वास्तुकलेचे. पण त्यांच्या कामाच्या यादीत विमान कंपनीचे बोधचिन्ह आहे, भुयारी रेल्वेच्या पाट्या आणि नकाशा आहे, जेवणाची ताटे, खुर्च्या, पुस्तके आणि एका चर्चचे अंतरंगही आहे. दोन मोठ्या डिझाइन संस्थांच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता.

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील तीन गोष्टी सांगता यायला हव्यात.

१. इतक्या वेगवेगळ्या माध्यमांत काम करताना विन्येल्ली यांची समान पद्धत कोणती होती?
२. नियमपुस्तिका ही गोष्ट डिझाइनमध्ये इतकी महत्त्वाची का ठरते?
३. नियमांनी बांधलेली रचना वापरणाऱ्यापाशी कुठे अडते?

जडणघडण

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत औद्योगिक डिझाइनचे वेगळे शिक्षण जवळपास नव्हते. बहुतेक डिझायनर वास्तुकलेच्या वर्गातून येत. चमच्यापासून शहरापर्यंत सगळ्याची रचना वास्तुविशारदाने करावी, हा त्या काळचा मिलानमधला विचार अर्नेस्तो रॉजर्स यांच्या नावाशी जोडला जातो. विन्येल्ली याच वातावरणात वाढले. अगदी तरुण वयात त्यांनी कास्तिल्योनी बंधूंच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन म्हणून काम केले. तिथे इमारतीही होत आणि दिवेही होत. पुढे त्यांनी मिलान आणि व्हेनिस येथे वास्तुकलेचे शिक्षण घेतले.

लेल्ला या उदीने शहरातल्या, वास्तुविशारदांच्या कुटुंबातल्या आणि स्वतःही वास्तुविशारद. दोघांचा विवाह १९५७ मध्ये झाला. त्यानंतर दोघे अमेरिकेत गेले. तिथे मासिमो यांनी शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये शिकवलेही. १९६० मध्ये परत येऊन त्यांनी मिलानमध्ये डिझाइन आणि वास्तुकला यांचे एकत्र कार्यालय उघडले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वास्तुकलेच्या शिक्षणातून त्यांना मिळालेली सर्वात उपयोगी सवय म्हणजे आधी सांगाडा ठरवणे. इमारतीत खांब कुठे येणार हे ठरल्याशिवाय भिंतीच्या रंगाची चर्चा होत नाही. विन्येल्ली यांनी हीच सवय कागदावर, पत्र्यावर आणि प्लास्टिकवर नेली. छपाईच्या पानावर खांबांची जागा ग्रिडने घेतली. ग्रिड म्हणजे पानाची उभ्या-आडव्या रेषांनी केलेली विभागणी. मजकूर, चित्र आणि मथळा कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार हे ती ठरवते.

युनिमार्क : डिझाइनची मोठी कंपनी

१९६५ मध्ये शिकागो येथे युनिमार्क इंटरनॅशनल स्थापन झाली. संस्थापकांत राल्फ एकरस्ट्रॉम, जे डॉब्लिन, बॉब नूर्डा आणि मासिमो विन्येल्ली होते. विन्येल्ली दांपत्य न्यूयॉर्कला आले आणि तिथल्या कार्यालयाची जबाबदारी मासिमो यांनी घेतली. डिझाइन हे व्यक्तिगत कलाकौशल्य न मानता शिस्तबद्ध सेवा म्हणून मोठ्या उद्योगांना द्यायचे, अशी कल्पना होती. कार्यालयात पांढरे प्रयोगशाळेचे कोट घालण्याची पद्धत होती, यावरून तिथल्या वृत्तीची कल्पना येईल.

या काळातले एक काम म्हणजे अमेरिकन एअरलाइन्सचे १९६७ चे बोधचिन्ह. दोन्ही शब्द हेल्व्हेटिका फॉन्टमध्ये, मधे मोकळी जागा न सोडता जोडून लिहिलेले, एक लाल आणि एक निळा. जागा नसली तरी रंग बदलल्यामुळे शब्द वेगळे वाचता येतात. म्हणजे मोकळ्या जागेचे काम रंगाकडून करून घेतले. हे चिन्ह २०१३ पर्यंत, ४६ वर्षे वापरात राहिले.

न्यूयॉर्क भुयारी रेल्वेच्या पाट्या

आपल्या दृष्टीने सर्वात शिकण्यासारखे काम हे आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे मुळात तीन वेगवेगळ्या व्यवस्थांनी बांधलेली. १९४० मध्ये त्या एका छत्राखाली आल्या, पण पाट्या जुन्याच राहिल्या. कुठे भिंतीतली मोझेकची अक्षरे, कुठे एनॅमलचे पत्रे, कुठे हाताने रंगवलेली सूचना. नवखा प्रवासी गोंधळून जाई. १९६६ मध्ये रेल्वे प्राधिकरणाने युनिमार्कला सल्ल्यासाठी बोलावले. नूर्डा यांनी नुकतेच मिलान मेट्रोच्या पाट्यांचे काम केले होते, त्यामुळे अनुभव हाताशी होता.

नूर्डा यांनी सुरुवात अक्षरांपासून केली नाही. ते निवडक गर्दीच्या स्थानकांत गेले आणि माणसे कशी चालतात, कुठे वळतात हे पाहत राहिले. त्यातून निघालेले तत्त्व साधे आहे. प्रवाशाला निर्णय जिथे घ्यायचा असतो, तिथेच आणि तेवढीच माहिती द्यावी. जिना चढल्यावर डावीकडे की उजवीकडे, हा प्रश्न जिन्याच्या वरच्या पायरीवर पडतो. बाहेर पडायचे दार कोणते, हा प्रश्न फलाटावर उतरल्यावर पडतो. त्याआधी दिलेली माहिती विसरली जाते आणि नंतर दिलेली उपयोगाची नसते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा सगळा मार्ग फ्लोचार्टसारखा काढून पाहावा. प्रत्येक समभुज चौकोन म्हणजे एक पाटी.

यातून पाट्यांची मॉड्यूलर रचना तयार झाली. ठरावीक आकाराचे पत्रे एकमेकांशेजारी बसवायचे. एका पत्र्यावर बाण, दुसऱ्यावर रंगीत गोलात मार्गाचा क्रमांक किंवा अक्षर, तिसऱ्यावर दिशा. मार्ग बदलला तर पूर्ण पाटी फेकायची गरज नाही, एक पत्रा बदलला की झाले.

आता यातला चुकलेला भाग पाहू. सुरुवातीला युनिमार्ककडून फक्त शिफारशी घेण्यात आल्या. प्रत्यक्ष पाट्या रेल्वेच्या स्वतःच्या वर्कशॉपने बनवल्या. कारागीर कुशल होते, पण रचनेमागचा विचार त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता. चित्रात पाटीच्या वरच्या कडेला एक काळा पट्टा दिसत होता. तो खरे तर पत्रे अडकवायच्या धातूच्या पट्टीचा भाग होता. वर्कशॉपने तो पाटीवरच रंगवून टाकला. जो आधार होता, तो नक्षी झाला.

माझ्या वर्गात मशीन ड्रॉइंग शिकवताना हे उदाहरण मी नेहमी देते. रेषा बरोबर काढली म्हणजे काम संपत नाही. ती रेषा काय आहे, भाग की कड, धातू की रंग, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. ड्रॉइंगवर टीप लिहायला आपण कंटाळतो. एका टीपेअभावी न्यूयॉर्कमधल्या पाट्यांवर काळा पट्टा आला. पुढे पाट्यांचे रंग उलटे झाले, काळ्यावर पांढरी अक्षरे आली, तेव्हाही तो पट्टा पांढऱ्या रेषेच्या रूपात टिकला.

या अनुभवातून प्राधिकरणाने सविस्तर नियमपुस्तिका मागवली. १९७० ची ही पुस्तिका आज डिझाइनच्या जगात प्रसिद्ध आहे. तिच्यात अक्षरांची उंची, दोन अक्षरांमधले अंतर, बाणाचा आकार, रंग आणि पत्र्यांची मापे सगळे मोजून दिले आहे. नियमपुस्तिका म्हणजे आपण हजर नसताना आपले काम दुसऱ्याकडून बरोबर होईल याची सोय. मोठी संस्था चालवू पाहणाऱ्या प्रत्येक डिझायनरला ही सोय करावीच लागते.

१९७२ चा नकाशा

पाट्यांनंतर नकाशाचे काम आले. लंडनच्या भुयारी रेल्वेत ड्राफ्ट्समन असलेल्या हॅरी बेक यांचा नकाशा १९३३ मध्ये छापला गेला होता. त्यांनी नकाशा विद्युत मंडलाच्या आकृतीसारखा काढला. रेषा फक्त आडव्या, उभ्या आणि तिरक्या, स्थानकांमधले अंतर खरे नाही, पण क्रम आणि जोडण्या अचूक. गणिताच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी भूमिती सोडली आणि टोपॉलॉजी ठेवली.

विन्येल्ली यांनी न्यूयॉर्कसाठी हेच तत्त्व आणखी काटेकोर केले. प्रत्येक मार्गाला स्वतंत्र रंगीत रेषा, रेषा ४५ आणि ९० अंशांच्याच कोनांत, आणि गाडी जिथे थांबते तिथे त्या रेषेवर काळा ठिपका. ठिपका नाही म्हणजे गाडी थांबत नाही. जलद आणि धीम्या गाड्यांच्या गुंतागुंतीच्या जाळ्यासाठी हा नियम फार सोपा होता. प्रत्यक्ष आखणीत त्यांच्या गटातल्या जोन चॅरीसिन यांचा मोठा वाटा होता. नकाशा १९७२ मध्ये छापून आला. तोवर विन्येल्ली युनिमार्कमधून बाहेर पडले होते.

नकाशा देखणा होता, पण तक्रारी सुरू झाल्या. सेंट्रल पार्क हे उद्यान प्रत्यक्षात लांबट आयताकृती आणि हिरवे, नकाशात ते जवळपास चौरस आणि राखाडी होते. पाणी निळे नव्हते, पिवळट रंगाचे होते. ५०व्या रस्त्यावर तर ब्रॉडवेवरचे स्थानक आठव्या मार्गाच्या पश्चिमेला दाखवले होते, प्रत्यक्षात ते पूर्वेला आहे.

लंडनमध्ये चाललेली युक्ती इथे का अडली? लंडनचे रस्ते वाकडेतिकडे आहेत, त्यामुळे जमिनीवरचा नकाशा फार थोड्या लोकांच्या डोक्यात पक्का असतो. मॅनहॅटनचे रस्ते मात्र क्रमांक दिलेल्या चौकटींत आहेत. कोणता रस्ता कुठे आणि उद्यान किती लांब हे तिथल्या माणसाला पाठ असते. त्यामुळे नकाशा आणि डोक्यातले शहर जुळले नाही की त्याचा नकाशावरचा विश्वास जातो. शिवाय भुयारातून वर आल्यावर त्याला चालायचे असते, आणि तिथे अंतर व दिशा खरीच लागते. विन्येल्ली यांच्या योजनेत भूगोलासाठी वेगळे नकाशे स्थानकात लावायचे होते, पण प्रवाशांच्या हाती पडला तो हाच एक. परिणामी एका नकाशावर दोन नकाशांचे ओझे आले.

१९७८ मध्ये कूपर युनियन येथे विन्येल्ली आणि जॉन टॉरानॅक यांच्यात जाहीर वाद झाला. पुढच्याच वर्षी टॉरानॅक यांच्या समितीच्या देखरेखीखाली मायकेल हर्ट्झ यांच्या कार्यालयाने केलेला भौगोलिक नकाशा आला. तो चार दशकांहून जास्त काळ टिकला.

गोष्ट इथे संपत नाही. २०११ मध्ये शनिवार-रविवारचे बदललेले मार्ग दाखवण्यासाठी प्राधिकरणाने संकेतस्थळावर विन्येल्ली यांचीच नवी आकृती वापरली. पडद्यावर जवळच दुसरा नकाशा उघडता येत असल्याने आकृतीला आता फक्त आकृतीचेच काम होते. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये प्राधिकरणाने १९७९ चा नकाशा बदलून १९७२ च्या वळणावर जाणारा नवा नकाशा आणला. त्यात सरळ, सुट्या रेषा परत आल्या, पण मुख्य मार्गानुसार रंग देण्याची १९७९ ची पद्धत कायम राहिली.

याचा निष्कर्ष "विन्येल्ली बरोबर होते" किंवा "चूक होते" असा काढू नका. रचना तीच होती, तिच्याभोवतीची साधने बदलली. १९७२ मध्ये प्रवाशाच्या हातात एकच कागद होता, आज खिशात जीपीएस असलेला फोन आहे. एखादी रचना चांगली आहे का हे विचारताना तिच्यासोबत दुसरे काय उपलब्ध आहे, हेही विचारावे लागते.

विन्येल्ली असोसिएट्स आणि युनिग्रिड

युनिमार्क झपाट्याने वाढली, अनेक देशांत कार्यालये उघडली आणि १९७० च्या दशकातच आर्थिक अडचणींत बंद पडली. त्याआधी १९७१ मध्ये मासिमो आणि लेल्ला यांनी विन्येल्ली असोसिएट्स सुरू केली. ही संस्था मुद्दाम लहान ठेवली गेली. कामे मात्र मोठी येत राहिली.

त्यांपैकी एक अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे. प्रत्येक उद्यानाचे माहितीपत्रक वेगळ्या आकाराचे, वेगळ्या वळणाचे होते, आणि दर वेळी सगळे पहिल्यापासून ठरवावे लागे. १९७७ मध्ये विन्येल्ली यांनी युनिग्रिड नावाची पद्धत दिली. कागदाचे आकार ठरावीक, घड्या ठरावीक, आणि पानाची ग्रिड घडीशी जुळणारी. वर काळा पट्टा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत उद्यानाचे नाव. कागद ठरावीक मापात कापला जात असल्याने वाया जाणे कमी झाले, आणि कर्मचाऱ्यांचा वेळ आकार ठरवण्याऐवजी नकाशे, चित्रे व मजकूर नीट करण्यात जाऊ लागला. पुढे फॉन्ट बदलले, पण काळा पट्टा आणि युनिग्रिड आजही वापरात आहेत.

पाट्यांच्या कामाशी याची तुलना करा. इथे रचना वापरणारे लोक, म्हणजे उद्यान सेवेचा प्रकाशन विभाग, सुरुवातीपासून सोबत होते. नियम थोडे होते आणि त्यामागचे कारण सर्वांना माहीत होते. पद्धत टिकण्याचे कारण बहुधा यातच आहे.

वस्तू आणि वास्तू

१९६४ मध्ये मेलामाइन प्लास्टिकच्या ताटवाट्यांच्या संचासाठी विन्येल्ली यांना इटलीचा कोंपासो द'ओरो हा मानाचा पुरस्कार मिळाला. पुढे हेलर कंपनीने हा संच अमेरिकेत आणला. त्याचा सांगाडा एकाच गोष्टीवर उभा आहे. कडा उभ्या आणि व्यास ठरावीक, म्हणून ताटे एकावर एक ठेवल्यावर सरळ दंडगोल तयार होतो. लहान स्वयंपाकघरात जागा वाचते, साचेही साधे राहतात. पाटीचा पत्रा आणि हे ताट यांच्यात विचाराचा फरक नाही. दोन्हीकडे एक मॉड्यूल आणि त्याच्या जुळणीचा नियम आहे.

मॅनहॅटनमधल्या सेंट पीटर्स चर्चचे अंतरंग त्यांनी १९७७ मध्ये केले. स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना ही जागा दुसऱ्या कारणाने माहीत असेल. भूखंडाच्या कोपऱ्यात या चर्चसाठी जागा सोडायची असल्यामुळेच सिटिकॉर्प सेंटर या उंच इमारतीचे खांब कोपऱ्यांऐवजी बाजूंच्या मध्यावर आले. चर्चची बाके, वेदी, धातूची भांडी अशा गोष्टी विन्येल्ली दांपत्याच्या रेखाटनांतून आल्या.

तीन कसोट्या

उतारवयात मासिमो यांनी आपले विचार "द विन्येल्ली कॅनन" या छोट्या पुस्तकात मांडले आणि त्याची डिजिटल प्रत विद्यार्थ्यांसाठी मोफत दिली. त्यातल्या तीन कसोट्या आपल्या भाषेत अशा मांडता येतील.

अर्थ : या कामामागचा विषय, इतिहास आणि वापरणारा यांचा शोध घेतला का?
रचना : भागांचे एकमेकांशी आणि पूर्णाशी नाते सुसंगत आहे का?
आकलन : समोरच्याला ते कळते का? कळले नाही, तर पहिल्या दोन कसोट्यांवरची मेहनत वाया गेली.

१९७२ च्या नकाशाला या कसोट्या लावून पाहा. रचनेवर तो पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होतो. तिसऱ्या कसोटीवर तो न्यूयॉर्कच्या प्रवाशांपाशी अडतो. म्हणजे स्वतःचे काम तपासायचे मापही त्यांनीच आपल्या हाती दिले आहे.

श्रेयाचा प्रश्न

लेल्ला यांचे नाव अनेक वर्षे मागे राहिले. वस्तू, अंतरंग, चांदीची भांडी यांत त्यांचे काम मोठे होते आणि संस्थेचा कारभारही त्या पाहत. तरी नियतकालिके श्रेय एकट्या मासिमो यांना देत. शेवटी मासिमो यांनी केवळ लेल्ला यांच्या कामावर एक पुस्तक तयार केले. गटप्रकल्पाच्या अहवालावर नावे घालताना हे आठवावे. कोणी काय केले ते अहवालातच एका ओळीत लिहा, पुढे पुस्तक काढायची वेळ येणार नाही. दोघांचे संग्रह आज रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील केंद्रात अभ्यासासाठी खुले आहेत.

सारांश

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. विन्येल्ली यांना दहा विषय येत होते असे म्हणण्यापेक्षा त्यांना एक पद्धत पक्की येत होती असे म्हणणे जास्त अचूक आहे. आधी माहितीची किंवा भागांची वर्गवारी, मग सांगाडा, मग थोडे नियम, आणि ते नियम दुसऱ्याला वापरता येतील अशा शब्दांत लिहिणे. माध्यम बदलले की साहित्य, कारखाना आणि कारागीर बदलतात, आणि ते प्रत्येक वेळी नव्याने शिकावे लागतात. तेव्हा एका विषयात पद्धत पक्की करा आणि मग ती दुसऱ्या विषयात नेऊन पाहा. ती तिथे टिकली, तर तुम्ही बहुशाखीय झालात. नुसती सॉफ्टवेअरची यादी वाढली, तर फक्त बायोडेटा लांबला.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयाच्या मुख्य दारापासून ग्रंथालयापर्यंत चालत जा. नवख्या माणसाला निर्णय घ्यावा लागेल अशी प्रत्येक जागा नोंदवा. तिथे पाटी आहे का? योग्य माहिती देते का?
२. याच मार्गासाठी मॉड्यूलर पाट्यांची रचना करा. पाट्या देवनागरी आणि रोमन अशा दोन लिप्यांत हव्यात. देवनागरीत वेलांटी वर आणि उकार खाली येतात, हे लक्षात घेऊन दोन ओळींतले अंतर ठरवा.
३. या पाट्यांची एक पानी नियमपुस्तिका लिहा. ती गटाबाहेरच्या मित्राला द्या आणि काहीही न बोलता त्याच्याकडून एक पाटी बनवून घ्या. जिथे चूक होईल तिथे पुस्तिकेत काय कमी होते ते लिहा.
४. तुमच्या शहरातील बस किंवा रेल्वेच्या एका मार्गाचा भौगोलिक नकाशा आणि आकृती असे दोन्ही काढा. प्रत्येकाने कोणता प्रश्न सुटतो आणि कोणता सुटत नाही, ते चार ओळींत मांडा.